मूत्रपिंडाची आणीबाणी
हृदय दुबळे झाले की मूत्रपिंडाला वाटते, अंगातले रक्तच आटले. ते रेनिन सोडते. त्यातून तयार होणारे अँजिओटेन्सिन रक्तवाहिन्या आवळते, अल्डोस्टेरॉन मीठ-पाणी अडवून धरते. रक्तस्रावात जीव वाचवणारा हा आणीबाणीचा हुकूम इथे मात्र उठतच नाही! पाय सुजतात, धाप लागते, दुबळ्या हृदयावरच बोजा वाढतो. हा हुकूम रोखणाऱ्या एनालाप्रिलने मृत्यू घटतात हे १९८७ साली, स्पायरोनोलॅक्टोनने घटतात हे १९९९ साली सिद्ध झाले. दोन्ही गोळ्या जुन्या, स्वस्त. सरकारी दवाखान्यात त्या नसतील, तर कलम ४७ दाखवून शासनाला जाब विचारलाच पाहिजे. सूज उतरताच गोळी सोडणाऱ्या मजुराला अडाणी ठरवणारे आपण कोण? या गोळ्यांनी पोटॅशियम वाढू शकते. ते पाहणारी रक्ततपासणी त्याच्या तालुक्यात तरी होते काय?