हातोड्याची किंमत, चित्राचे मोल

लिलावात चित्र शोधावयास जाणाऱ्याने एक गोष्ट प्रथम ओळखली पाहिजे: तेथे किंमत कळते, मोल कळतेच असे नाही. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्तीज या लिलावगृहात मकबूल फिदा हुसेन यांचे १९५४ सालचे 'ग्रामयात्रा' हे चित्र सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलरना, म्हणजे जवळजवळ ११८ कोटी रुपयांना विकले गेले. आगाऊ अंदाज होता २५ ते ३५ लाख डॉलरचा. चित्रात एका रेषेचीही भर पडली नव्हती. मग ही वाढ आली कोठून?

चित्र एकच, चित्रकार २०११ साली निवर्तलेला. पुरवठा वाढणे अशक्य. अशा वेळी अखेरपर्यंत बोली चढविणाऱ्या दोन धनिकांची ईर्ष्याच किंमत ठरविते. म्हणून जाणकार संग्राहक अंदाजाच्या आकड्याला भुलत नाही. लिलावापूर्वीच्या प्रदर्शनात तो चित्राची मागची बाजू पाहतो, डागडुजी शोधतो, ते कोणाकोणाच्या हातून आले याची साखळी तपासतो आणि शेवटच्या बोलीवर लिलावगृहाचे शुल्कही चढते, हे ध्यानात ठेवतो.

'ग्रामयात्रे'ची साखळी बोधप्रद आहे. ते चित्र दिल्लीत आलेल्या डॉ. लिऑन इलायस व्होलोदार्स्की यांनी घेतले व १९६४ साली ऑस्लोतील रुग्णालयास दिले. विक्रीचे उत्पन्न डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी राखण्यात आले. लाभ समाजाकडे वळला, ही समाधानाची बाब. मात्र तो दात्याच्या औदार्याने वळला, बाजाराच्या नियमाने नव्हे.

आणि निर्मात्याचे काय? पंढरपुरात जन्मलेले हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवीत पुढे आले. उमेदीच्या काळात अल्प मोबदल्यात चित्र विकावे लागणाऱ्या कलावंताच्या नावावरच पुढे इतरांची संपत्ती वाढते. फ्रान्सने १९२० सालीच फेरविक्रीत कलावंताचा वाटा मान्य केला. ब्रिटनने २००६ पासून ४ टक्क्यांपासून उतरत जाणारे दर ठरविले, कमाल मर्यादा घातली आणि वसुली कलावंतांच्या संस्थांकडे सोपविली. त्यामुळे लंडनचे लिलाव काही बंद पडले नाहीत.

आपल्याकडेही हा हक्क आहे. १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेले कलम ५३-अ, दहा हजार रुपयांहून अधिक किमतीच्या फेरविक्रीत कलावंताला किंवा त्याच्या वारसांना वाटा देते. परंतु कायद्यात केवळ १० टक्क्यांची कमाल मर्यादा आहे; दर ठरलेला नाही, वसुलीची जबाबदारी लिलावगृहावर नाही. वाटा ठरवून घेण्यासाठी न्यायासनापुढे जावयाचे ते कलावंताने. करोडपतींशी एकट्याने झुंजण्याचा हक्क हा हक्काचा आभास होय.

मागणी माफक आहे: दर कायद्यात लिहावा, आणि विक्री होताच लिलावगृहाने तो वाटा कापून कलावंतांच्या संस्थेकडे भरावा. कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीची कपात मालकाच्या मर्जीवर सोडलेली नाही. कलावंताचा वाटा तरी का सोडावा?