येणार नसाल तर कळवा

आपल्याकडे एमबीबीएसला मुलाखत नसते, असंच जळगाव-धुळ्याच्या बहुतेक आईबापांना वाटतं, आणि ते जवळजवळ खरंही आहे. नीटचे ७२० पैकी गुण, त्यावरून लागलेला रँक आणि पोर्टलवर भरलेला पसंतीक्रम, एवढ्यावर सगळा कारभार चालतो. कुणी समोर बसवून ‘डॉक्टर का व्हायचंय?’ असं विचारत नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी संस्थेची स्वतःची प्रवेश परीक्षा होती, तेव्हा तिथे गांधीविचारांचा वेगळा पेपर असे. नीट आली आणि तोही गेला.

एक मोठा अपवाद उरला आहे आणि तो महाराष्ट्रातच आहे. पुण्याचं सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपल्या बोलण्यातलं एएफएमसी. १९४८ साली सुरू झालेल्या या कॉलेजात आजही नुसत्या नीटवर प्रवेश मिळत नाही. एमसीसीच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीच्या, पोर्टलवर नोंदणी करताना एएफएमसीचा पर्याय आपणच द्यायचा, यादीत नाव आलं की नेमून दिलेल्या दिवशी पुण्यात हजर व्हायचं. तिथे इंग्रजी, आकलन आणि तर्काची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, ५० गुणांची मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. जागा मुलांना ११५ आणि मुलींना ३०. बोलावणं अर्थातच त्याच्या कितीतरी पट मुलांना जातं.

हे आवाहन आहे ते बोलावणं आलेल्या, आणि आता जायचं नाही असं ठरलेल्या मुलामुलींना. त्यांच्या आईवडिलांनाही.

जायचं नाही असं ठरण्यात काहीच गैर नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. पर्याय भरताना उत्साह असतो. गणवेश, शिस्त, सरकारी खर्चाने शिक्षण, सगळं छान वाटतं. यादी लागल्यावर घरात खरी चर्चा सुरू होते. शिक्षण झाल्यावर सैन्यदलात डॉक्टर म्हणून सेवा करावी लागते, तसा करार असतो, मध्येच सोडलं तर बाँडची मोठी रक्कम भरावी लागते. हे आधी माहीत नव्हतं असं नाही, पण तारीख हातात पडली की ते खरं वाटू लागतं. आई म्हणते, पोरगी कुठे लेह-लडाखला जाईल. मामा म्हणतो, अरे, यापेक्षा मोठा मान कोणता? आणि साधारण त्याच दिवसांत राज्याच्या नाहीतर अखिल भारतीय कोट्याच्या फेरीत घराजवळचं कॉलेज लागण्याची चिन्हं दिसतात.

घराजवळचं कॉलेज ही खान्देशात तशी नवी चैन आहे. धुळ्याचं शासकीय महाविद्यालय, आज ज्याला भाऊसाहेब हिरे यांचं नाव आहे, ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं. जळगावला शासकीय महाविद्यालय यायला २०१८ उजाडलं, नंदुरबारला २०२०. त्याआधी जळगावच्या पोराला सरकारी जागेसाठी धुळं, औरंगाबाद, नागपूर, पुणं, मुंबई धरावी लागे. आता जळगावात दीडशे जागा आहेत. रावेर-यावलच्या मुलाला शनिवारी घरी येता येतं. अशा वेळी एएफएमसी नको म्हणणाऱ्याला भित्रा ठरवायची घाई करू नका.

अडचण ‘नको’ म्हणण्यात नाही, ‘नको’ न सांगण्यात आहे. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची सवयच नाही. हिवाळ्यात मळ्यावर भरीत पार्टी ठरते, पंचवीस जण ‘येतो ना भाऊ’ म्हणतात, यजमान त्या हिशोबाने वांगी भाजतो आणि येतात चौदा. पार्टीत ते खपून जातं, उरलेलं भरीत डब्यात भरून घरोघर जातं. मुलाखतीच्या बाबतीत मात्र ‘नाही गेलो म्हणजे त्यांना कळतंच की’ हे उत्तर मला पटत नाही.

खरं तेच सांगतो. तुम्ही कळवलंत म्हणून पुण्यात लगेच तुमच्या जागी दुसऱ्याला बोलावतील असं समजू नका. यादी गुणांवर लागलेली असते, आणि बरीच मुलं येणार नाहीत हे गृहीत धरूनच ती लांबलचक केलेली असते. न कळवल्याबद्दल कुणी शिक्षाही करणार नाही. मग कशाला कळवायचं? कारण त्या दिवशी मंडळावर बसणारी माणसं अधिकारी आणि डॉक्टर असतात. तपासणीच्या खोलीत तज्ज्ञ बसलेले असतात, कागदपत्रं तपासायला कारकून असतात. त्या दिवसाच्या यादीत तुमच्या नावापुढे एक वेळ राखलेली असते. ती रिकामी जाणार हे आदल्या दिवशी कळणं आणि नाव तीनदा पुकारून कळणं यात फरक आहे. शिवाय ही सवय अठराव्या वर्षी लागली तर लागली. पुढे तिची गरज कुठे पडते, ते खाली येईलच.

पण कळवायची घाईही नको. इथे पुष्कळांची फसगत होते. एमसीसी आधी तात्पुरता निकाल लावते आणि मग अंतिम. तात्पुरत्या निकालात धुळं दिसलं म्हणून पुण्याला नाही कळवायचं, आणि अंतिम यादीत ते धुळं गायब व्हायचं, म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं. आधी अंतिम निकाल येऊ द्या, वाटपपत्र हातात येऊ द्या, जमल्यास कॉलेजात जाऊन प्रवेशाची पावती घ्या. मुलाखतीची तारीख त्याआधीच येत असेल तर सरळ मुलाखत देऊन या. मुलाखत दिली म्हणजे सही केली असं होत नाही. जळगावहून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट पुण्याला जाते, धुळ्याहून एसटी आहे. एक रात्र मोडेल, एवढंच.

आणि फक्त तारखेची अडचण असेल, म्हणजे जायचं आहे पण त्या दिवशी ताप आहे किंवा घरात दुःखाचा प्रसंग आहे, तर तो अर्जच वेगळा. त्यात ‘दुसरी तारीख मिळेल का’ असं विचारायचं. दोन्ही गोष्टी एकाच मेलमध्ये कालवू नका. ‘जमल्यास येईन, नाहीतर रद्द समजावे’ अशा वाक्याचं वाचणाऱ्याने काय करायचं?

आता प्रत्यक्ष लिहायचं कसं. बोलावण्याच्या सूचनेत संपर्काचा मेल किंवा फोन दिलेला असतो, तोच वापरा. कुणाच्या ओळखीच्या सुभेदाराकडे निरोप देऊ नका. मेलच्या विषयातच नीटचा रोल नंबर, मुलाखतीची तारीख आणि ‘उपस्थित राहणार नाही’ हे तीनही येऊ द्या. मजकूर साध्या इंग्रजीत किंवा हिंदीत लिहा, पण आशय एवढाच असू द्या:

‘महोदय, माझं नाव अमुक, नीट रोल नंबर अमुक. मला अमुक तारखेला मुलाखतीसाठी बोलावलं आहे, त्याबद्दल आभारी आहे. मी दुसऱ्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश निश्चित केला असल्याने मुलाखतीला उपस्थित राहणार नाही. कृपया माझं नाव त्या दिवसाच्या यादीतून कमी करावं. आपला विश्वासू.’

बस्स, यात एक ओळ वाढवायची गरज नाही. ‘अत्यंत जड अंतःकरणाने’ नको, ‘देशसेवा हे माझं लहानपणापासूनचं स्वप्न होतं’ नको, ‘पुढच्या वर्षी माझा विचार व्हावा’ तर मुळीच नको. कॉलेजचं नावही सांगायलाच हवं असं नाही. आणि कृपा करून घरातल्या कुणाला आजारी पाडू नका. प्रवेशाच्या हंगामात खान्देशातल्या किती आज्या कागदोपत्री वारतात आणि दिवाळीला पुन्हा अनारसे तळताना दिसतात, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही म्हणून बरं आहे.

मेल मुलाने किंवा मुलीनेच लिहायचा. वडिलांनी नाही, क्लासच्या सरांनी नाही, आमदारांच्या पीएने तर नाहीच नाही. अर्ज तिचा, बोलावणं तिला, तर नकारही तिच्या नावाने जाऊ द्या. वडिलांनी शेजारी बसून रोल नंबर तेवढा दोनदा तपासावा. मी पाहिलेल्या अशा मजकुरांत सगळ्यात जास्त चूक तिथेच असते: एक आकडा इकडचा तिकडे होतो आणि नकार भलत्याच मुलाच्या नावावर जातो.

मेल गेला की त्याची प्रत जपून ठेवा. उत्तर येईलच असं नाही, आलं नाही म्हणून रोज आठवण पाठवू नका. फोन आला आणि ‘का येत नाही’ विचारलं, तर मेलात लिहिलं तेच कारण सांगा, दुसरं नको. मेलमध्ये ‘दुसरीकडे प्रवेश घेतला’ आणि फोनवर ‘तब्येत बरी नाही’, असं झालं की ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं होतं. रेल्वेचं तिकीटही आठवणीने रद्द करा. तत्काळचं पक्कं तिकीट असेल तर पैसे परत मिळणार नाहीत, पण बर्थ तरी कुणाला मिळेल.

मुलाखतीचं हे एवढं. पण खान्देशात यापेक्षा जास्त नुकसान होतं ते मिळालेली जागा धरून गप्प बसण्याने, आणि तिथे नुसत्या सभ्य मेलने भागत नाही. शासकीय महाविद्यालयातल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. जळगावच्या दीडशेत त्या २२-२३ होतात. पूर्वी दुसऱ्या फेरीनंतर या कोट्यातल्या उरलेल्या जागा राज्याकडे परत येत. २०२१ पासून येत नाहीत, एमसीसीच पुढच्या फेऱ्यांतून त्या भरते. म्हणजे कुणी जळगावची अशी जागा घेऊन ठेवली आणि दुसरीकडे मन लावून बसला, तर ती जागा त्याने रीतसर सोडेपर्यंत कुणालाच मिळत नाही.

रीतसर हा शब्द महत्त्वाचा. जागा सोडायची असेल तर कॉलेजात जाऊन राजीनामा द्यायचा, आणि तो कॉलेजने एमसीसीच्या पोर्टलवरून काढून द्यायचा. पोर्टलवरून निघालेला नसेल तो राजीनामा ग्राह्य धरत नाहीत. अर्ज टेबलावर ठेवून, शिक्का मारून घेऊन घरी आलेली मुलं पुढच्या फेरीत अडकतात ती इथेच. छापील प्रत हातात आल्याशिवाय खिडकी सोडू नका. वेळही पाहा. पहिल्या फेरीत मिळालेली जागा घेतली नाही तर दंड नाही. दुसऱ्या फेरीपासून अनामत जाते: अखिल भारतीय कोट्यात खुल्या वर्गाला १०,००० रुपये, राखीव वर्गांना ५,०००, अभिमत विद्यापीठांत मात्र तब्बल २ लाख. शेवटच्या स्ट्रे फेरीत जागा घेऊन रुजू झालं नाही तर पुढच्या परीक्षेलाही मुकावं लागू शकतं.

राज्याच्या सीईटी सेलचे नियम वेगळे, आणि ते दरवर्षी माहितीपुस्तिकेत येतात. ती पुस्तिका क्लासच्या ग्रुपवरून नाही, सेलच्या संकेतस्थळावरून काढून वाचा. स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरला म्हणजे हीच जागा कायम, पुढच्या फेरीत तुमचं नाव नाही, एवढं तरी सही करण्याआधी समजून घ्या. ‘सरांनी सांगितलं म्हणून भरला’ हे नंतर कुठेच चालत नाही.

परदेशात वाढलेल्या आपल्या भाचे-पुतण्यांना असा नकार कळवणं सोपं जातं. ब्रिटनमध्ये वैद्यकीय शाखेचे चारच पर्याय भरता येतात, पुढे मुलाखती. अमेरिकेत तर हा मोसम महिनोन्महिने चालतो, आणि वेळेवर नकार कळवला तर रिकामी झालेली वेळ प्रतीक्षेतल्या दुसऱ्या मुलाला देता येते. तिथली मुलं दोन ओळींचा मेल टाकून मोकळी होतात. त्यांच्या गावातल्या आज्या बहुधा जास्त जगत असाव्यात.

आता ती सवयीची गोष्ट. हीच मुलं साडेपाच वर्षांनी डॉक्टर होतात. शासकीय महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्याला राज्यात एक वर्षाची सेवा बंधनकारक आहे, नाहीतर १० लाख रुपये भरायचे. धडगाव, अक्कलकुवा, चोपड्याच्या सातपुड्यातल्या आरोग्य केंद्रांत नेमणुकीचे आदेश निघतात. कंत्राटी पदांसाठी जिल्हा परिषदेत थेट मुलाखती होतात. मुलाखत देऊन आदेश घेतलेला एखादा डॉक्टर रुजू होत नाही, नाही म्हणूनही कळवत नाही. पीजीच्या अभ्यासाला गेलेला असतो, किंवा नाशिकला चांगली नोकरी मिळालेली असते. त्याचं काहीच चुकलं नाही, फक्त कळवायचं राहिलं. कागदावर पद भरलेलं, म्हणून पुढची जाहिरात निघत नाही. खुर्ची रिकामी, म्हणून बाळंतपणाला आलेली बाई गाडी करून शहाद्याला किंवा नंदुरबारला जाते.

तेव्हा यंदा तुमच्या घरात अशी तारीख आली असेल आणि जायचं नाही असं नक्की झालं असेल, तर रात्री जेवणं झाल्यावर मुलीला लॅपटॉप घेऊन बसवा, रोल नंबर वाचून दाखवा आणि मेल पाठवून टाका. मामाला दुसऱ्या दिवशी सांगितलं तरी चालेल.