नांव कोण देतें ?

अमरावती-अकोल्याच्या स्थानकांवर गाडीची वाट पाहतांना एखादें एकटें पोर आपल्यापुढें हात पसरतें. 'तुझें नांव काय ? बाप कोण ?' असें आपण विचारतों. पहिल्या प्रश्नाचें उत्तर मिळतें. दुसऱ्याचें पुष्कळदां मिळत नाहीं, आणि आपण दृष्टि वळवितों. ज्याला बापाचें नांव सांगतां येत नाहीं तो जणूं कोणीच नव्हे, हा समज आम्हांस चुकीचा वाटतो.

दुसऱ्या महायुद्धांत सोव्हिएत रशियानें हद्दपार केलेल्या पोलिश लोकांपैकीं कांहीं हजार लोक इराणमार्गें हिंदुस्थानांत पोंचले. त्यांत आईबापांस अंतरलेलीं मुलें पुष्कळ होतीं. देश परक्यांच्या हातीं, घर मोडलेलें, बोली येथें कोणास न समजणारी ! 'मी कोण ?' यास त्यांनीं काय उत्तर द्यावें ? जामनगरचे महाराज दिग्विजयसिंहजी यांनीं १९४२ सालीं बालाचडी येथें अशा मुलांस पित्याच्या मायेनें आश्रय दिला. कोल्हापुराजवळ वळिवडें येथें १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारें ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत नांदली. तेथें त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होतें. आसरा मिळाला, पण त्याबदल्यांत त्यांची भाषा व धर्म कोणी मागितला नाहीं.

हें राजेमहाराजांनींच करावें असें कोणी म्हणेल, तर त्यानें आमच्या वऱ्हाडांतील वझ्झर पाहावें. परतवाड्याजवळील या गांवीं शंकरबाबा पापळकर यांनीं टाकून दिलेल्या अपंग मुलामुलींस वडिलांच्या जागीं आपलें नांव दिलें. तेथें वाढलेली एक अंध कन्या २०२४ सालीं महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली.

दिलेलें नांव म्हणजे शोधाचा शेवट नव्हे, हें आम्ही जाणतों. आपलें मूळ जाणण्याची ओढ मुलास राहणारच, व ती रास्त आहे. परंतु पाय टेकण्यास जागा असेल तरच शोध घेतां येतो. २०१८ सालीं महाराष्ट्र सरकारनें अनाथांसाठीं शिक्षणांत व नोकरींत एक टक्का जागा राखल्या, हें योग्यच झालें. तथापि शेजारच्या बांकावरील जागा सरकारी ठरावानें मिळत नाहीं. ती, विद्यार्थिमित्रांनो, तुम्हींच द्यावयाची आहे.

आणि पालकहो, स्थानकावर तसें पोर दिसलें तर १०९८ या क्रमांकावर कळवा. मदत येईपर्यंत त्याच्यापाशीं थांबा. 'तुझा बाप कोण ?' हें मागाहून विचारा. आधीं विचारा, 'बाळ, जेवलास कां ?'