कुंपण आणि शेत

२०१८ च्या प्रारंभी ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने काही खाजगी गुप्तहेरांना अटक केली. नागरिकांच्या दूरध्वनींच्या नोंदी बेकायदेशीरपणे मिळवून विकल्याचा आरोप त्यांच्यावर होता. अशा नोंदी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याच्या मागणीवाचून दूरध्वनी कंपनीने द्यावयाच्या नसतात. आणि या प्रकरणात अटक झालेल्यांत एक पोलीस शिपाईही होता. कुंपणच शेत खाऊ लागले तर राखण कोणी करावी, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे.

कृत्रिम बुद्धिमत्ता हे त्याचे उत्तर म्हणून आज पुढे केले जाते. कोणता कर्मचारी कोणती माहिती केव्हा उघडतो, हे यंत्र शिकून घेते आणि मध्यरात्री कोणी शेकडो नोंदी उतरवून घेऊ लागला की इशारा देते. हा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. परंतु नजर कोणावर ठेवावयाची, हे यंत्र ठरवीत नाही. ते ज्याच्या मालकीचे आहे तो ठरवितो.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात याचेच प्रत्यंतर येते. कलम ७ अन्वये मालकाला स्वतःचे नुकसान टाळण्यासाठी नोकराची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरता येते. कलम १७ अन्वये केंद्र सरकार राज्याच्या सुरक्षिततेसाठी वा सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी आपल्या यंत्रणांना कायद्यातून सूट देऊ शकते. म्हणजे डोंबिवलीहून लोकलने ऐरोलीच्या कचेरीत जाणारा कंत्राटी कामगार सतत नजरेखाली, आणि सूट मिळालेले खाते नजरेबाहेर!

नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनी माहिती कोणी हाताळली याची नोंद किमान एक वर्ष जपण्याचे बंधन घातले आहे. मात्र ज्याची माहिती, त्या नागरिकाला ती नोंद पाहण्याचा हक्क दिलेला नाही. खरी मेख येथे आहे.

कायदा टप्प्याटप्प्याने अमलात यावयाचा आहे. तोवर कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसू नये. जन्म-मृत्यूच्या नोंदींपासून मालमत्ता करापर्यंत नागरिकांची माहिती ठाणे व कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या दप्तरी आहे. आपली नोंद कोणी व कशासाठी उघडली, हे मागणाऱ्या नागरिकाला महापालिकेने लेखी कळवावे. केवळ यंत्राच्या इशाऱ्यावरून, बाजू ऐकून न घेता, कोणाही कामगाराला कामावरून काढू नये. आणि जी नजर कारकुनावर, तीच आयुक्तांवरही असावी. या तीन मागण्या प्रत्येक प्रभागात नेल्या पाहिजेत. शेत ज्याचे, त्याच्या हाती कुंपणाची किल्ली आली तरच राखण या शब्दाला अर्थ राहील.