लाल रंग कुठे गेला?

यंदाच्या गोटमारीनंतर शेजारच्या एका मुलाने मला आपला फोटो दाखवला. जाम नदीचे पात्र, मधोमध रोवलेले पळसाचे झाड, त्यावर झेंडा, सावरगावच्या काठावर गर्दी आणि अगदी पुढे डोके फुटलेला एक तरुण. फोटो कृष्णधवल. आभाळ काळेकुट्ट, दगड चंदेरी. जखम मात्र दिसेना.

“काका, कलरमदे मजा नाही येत,” तो म्हणाला.

“बाबू, मजा कोणाची?” मी विचारले.

फोटो त्याने रंगीतच काढला होता. त्याचे रूप पालटले ते संगणकावर, फोटोशॉपला जोडलेल्या प्लग-इनने. या जातीतले नावाजलेले प्लग-इन म्हणजे सिल्व्हर एफेक्स प्रो. निक सॉफ्टवेअरने ते २००८ साली आणले. २०१२ साली गूगलने ती कंपनी घेतली, २०१६ साली हे प्लग-इन फुकट केले आणि २०१७ साली ते फ्रान्सच्या डीएक्सओकडे गेले. साधन उत्तम आहे, यात वाद नाही. वाद आहे तो डोळे मिटून बटण दाबण्याशी.

त्या मुलाने आभाळ गडद व्हावे म्हणून लाल फिल्टर निवडला. हा फिल्टर निळा रंग अडवतो, म्हणून ढगांमधले निळे आभाळ काळवंडते. लाल रंग मात्र उजळतो. मग ताजे रक्त कातडीच्या छटेत मिसळून जाते. आभाळ सजले आणि माणसाचे रक्त पुसले गेले! वर जुन्या ट्राय-एक्स फिल्मचे दाणे पसरले. फिल्मवरचे दाणे खऱ्या चांदीच्या कणांतून येत. हे दाणे नुसते शिंपडलेले. त्यामुळे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा फोटो आजोबांच्या काळातला वाटू लागला.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. जुने दिसणारे दुःख कोणाचेच नसते. ‘परंपरा आहे’ म्हणून आपण मान डोलावतो. पण या मेळ्यात वर्षानुवर्षे शेकडो माणसे जखमी झाली, कित्येकांचे जीव गेले. त्यांच्या आया आजच्या आहेत. त्यांचे अश्रू पुरातन नाहीत.

कोणी म्हणेल, मग रघू राय यांचे काय? अवश्य विचारा. १९८४ साली भोपाळच्या वायुकांडात मातीत पुरल्या जाणाऱ्या त्या अनाम बालकाचा फोटो त्यांनी कृष्णधवल काढला, पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत. दोन्ही पाहताना घास घशात अडकतो, कारण दोघांनीही त्या चेहऱ्यावरची नजर ढळू दिली नाही. म्हणजे दोष कृष्णधवलाचा नाही. विषयाऐवजी आभाळ सजवणाऱ्या हाताचा आहे.

फोटो काढणाऱ्या पोरांनो, प्लग-इन खुशाल वापरा. पण तयार नमुन्यावर बोट ठेवण्याआधी लाल रंगाची पट्टी स्वतः सरकवून पाहा, जखम कुठे जाते ते बघा. खोटे दाणे टाकलेत तर खाली साल लिहा. आणि मूळ रंगीत फोटो पुसू नका. उद्या कोणी विचारले, की त्या दिवशी नदीकाठी नक्की काय झाले, तर साक्ष त्याचीच लागेल.

त्या मुलाने मग मला मूळ फोटो दाखवला. आम्ही दोघेही बराच वेळ बोललो नाही.