ताटाखालची गोधडी



कापडाचा व्यापार असलेल्या घरात तुकड्यांना तोटा नसतो. ठाणाच्या शेवटी उरलेले वीतभर कापड, जुन्या नमुन्यांचे गठ्ठे, बाद झालेले शर्टिंग. हे सारे कपाटाच्या तळाशी साचत राहते. अशाच तुकड्यांतून मी प्रथम सहा टेबल मॅट शिवल्या. वर जुन्या साडीचे रेशमी काठ, आत पॉलिएस्टरचा फुगीर थर. पाहुण्यांनी कौतुक केले. पुढे चातुर्मास लागला. आपल्याकडे ताट धुऊन पिण्याची रीत, त्यामुळे थेंब सांडणारच. वरून कोरड्या वाटणाऱ्या त्या मॅट आतून ओल धरून राहिल्या, आणि एके सकाळी उचलून पाहते तो खालच्या बाजूस हिरवट ठिपके!

सासूबाई एवढेच म्हणाल्या, "कंदमूळ टाळायचे आणि ताटाखाली अनंतकाय वाढवायचे?" तो संच पाणी न लावता सावलीत परठवला. मनाला फार लागले. शिवणकाम चोख होते. पण रोजच्या वापराचा विचार त्यात नव्हता.

दुसऱ्या खेपेस फुगीर थर वर्ज्य केला. मधल्या थराला विरलेल्या सुती साडीची दुहेरी घडी घेतली, जशी आजी गोधडीत घालीत असे. वर-खाली सुती कापडच. रेशीम मुळीच नाही. कोशातील जीवाच्या मरणातून निघालेला धागा अन्नाच्या ताटाखाली नकोच. शिवाय तो रोजच्या धुण्याला टिकतही नाही.

नव्या कापडातली खळ कोमट पाण्यात आधी काढावी. जुनी साडी आटून गेलेली असते, नवे कापड नंतर आटते आणि मग मॅटला सुरकुत्या पडतात. बाजारी मॅट साधारण १२ × १८ इंचांची असते. आपले ताट, वाट्या आणि भांडे मावायला मी १४ × १८ धरते. तिन्ही थर १५ × १९ कापावेत, कारण शिवताना कापड थोडे आत ओढले जाते. टाचून घ्यावे, दीड-दीड इंचावर समांतर धावदोरा घालावा आणि मगच नेमक्या मापाला छाटावे. कडेला अडीच इंच रुंदीची दुहेरी दुमडलेली पट्टी लावावी. कडांची बेरीज ६४ इंच होते. कोपरे आणि जोड धरून ७४ इंच पट्टी पुरते.

धावदोरा समांतरच का? चौकटींच्या शिवणीत कण अडकतात आणि मुंग्या येतात. सरळ रेघांमधून ते मऊ कुंचल्याने एका बाजूस ओढता येतात. मुंगी दिसलीच, तर मॅट झटकू नये. जयणेने तिला आधी बाजूला करावे.

सांडलेल्या अन्नाला दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, होऊ न देता मॅट धुवावी. वाळली की नाही हे बोटाला कळत नाही. घडी घालून गालाला लावावी, गार लागली तर आत अजून ओल आहे. पावसाळ्यात एका जेवणाची मॅट दुसऱ्या जेवणापर्यंत वाळतेच असे नाही, म्हणून सहा माणसांना बारा हव्यात. सहा देखण्या मॅटपेक्षा बारा साध्या बऱ्या, असे मी आता निःशंकपणे म्हणते.

रंगाची एक गोष्ट मात्र अनुभवानेच उमगली. सासूबाईंची नजर आता मंदावली आहे. पांढरट मॅटवर स्टीलच्या ताटाची कड त्यांना दिसेना, वाटी चाचपावी लागे. त्यांच्यासाठी दोन मॅट गडद निळ्या शर्टिंगच्या केल्या, रंग सुटत नाही ना हे आधी धुऊन पाहून. चौविहारापूर्वी, उतरत्या उन्हात त्या जेवायला बसतात, तेव्हा त्यांचा हात आता थेट वाटीकडे जातो.