ओझ्याचा हिशेब

गेल्या रविवारी पुतण्याने आपले सामान दुकानातील वजनकाट्यावर आणून ठेवले. मनाली ते लेह हा मार्ग माउंटन बाइकवरून, तंबूत मुक्काम करीत, बारा दिवसांत पार करण्याचा त्याचा मनोदय आहे. काटा २१ किलोंवर स्थिरावला. त्यात घरच्यांच्या मायेचाही वाटा होता : लाडवांचे दोन डबे, आजीची शाल, चार पोशाख. “काका, यातले काय काढू?” असे त्याने विचारले.

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर ११ वर्षांपूर्वी मी स्वतःच चुकीचे दिले होते. त्याच वाटेवर केलाँगला पोहोचेपर्यंत ओझ्याने मी हैराण झालो. तेव्हा जाड जॅकेट आणि पावसाळी कोट मनालीला परतणाऱ्या एका ट्रकचालकाच्या हवाली केला. जाडजूड पुस्तक आणि कॅमेऱ्याचे दुसरे भिंग मात्र जवळ ठेवले. दोन दिवसांनी सुमारे ४,९०० मीटर उंचीच्या बारालाचा खिंडीत गारा कोसळू लागल्या. उतारावर ब्रेक ओढण्याइतकेही बळ बोटांत उरले नाही. सोबत्याने आपला कोट माझ्या अंगावर घातला आणि स्वतः कुडकुडत मला खालच्या ढाब्याच्या शेगडीपर्यंत नेले. माझी बचत त्याच्या जिवावर बेतली असती.

तेव्हापासून मी सामानाचे तीन ढीग करतो. ज्यावाचून जीव धोक्यात येईल, तो पहिला. ज्यावाचून प्रवास थांबेल, तो दुसरा. ज्यावाचून केवळ मन खट्टू होईल, तो तिसरा. पहिल्या दोहोंना हात लावायचा नाही. तिसऱ्यातून एकच वस्तू घ्यायची. व्यापारात पडून राहिलेला माल भांडवल अडकवतो. चढावर तो श्वास अडकवतो.

पहिल्या ढिगात तंबू, उबदार स्लीपिंग बॅग, चटई, पावसाळी कोट, लोकरीचे हातमोजे, औषधे आणि पाणी येते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. म्हणून पुढचा झरा वा ढाबा कोठे आहे, हे पाहूनच बाटल्या भराव्यात. कपड्यांचे दोनच जोड पुरतात : एक सायकलवरचा, दुसरा केवळ झोपण्यासाठी कोरडा राखलेला.

दुसऱ्या ढिगात जादा ट्यूब, पंक्चरचे साहित्य, पंप, पान्यांचा संच, साखळी जोडण्याची कडी आणि ब्रेक पॅड. दारचा सोडल्यावर रुमत्सेपर्यंत बारमाही वस्तीचे गाव नाही. हंगामी तंबू-ढाबे तेवढे असतात. तेथे सायकलचा सुटा भाग मिळण्याची आशा धरू नये.

अन्नाचा विचार उंचीनुसार करावा. ४,५०० मीटरांवर पाणी सुमारे ८५ अंशांनाच उकळते. डाळ लवकर शिजत नाही आणि इंधन व्यर्थ जाते. सातूचे पीठ, भाजलेल्या रव्याचा तयार उपमा, सुकामेवा हे सोयीचे. खाकऱ्याचा वाटेत भुगा होतो, पण चव तीच राहते. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याची आपल्या घरांतील रीत तेथे फार उपयोगी पडते. दिवस मावळताच गारठा असा वाढतो की भांडी घासणे नकोसे होते.

वजन कोठे ठेवावे, हेही महत्त्वाचे. हत्यारे आणि अन्न सायकलच्या चौकटीतील त्रिकोणी पिशवीत, खाली आणि मध्यभागी. स्लीपिंग बॅग जलरोधक पिशवीत घालून हँडलला, कपडे आसनामागे. पाठीवर शक्य तितके कमी. निघण्यापूर्वी असे भरलेले सामान घेऊन जवळच्या घाटात एक मुक्काम अवश्य करावा. ज्या वस्तूला तेथे हात लागला नाही, तिचा पुन्हा विचार करावा. औषधे आणि दुरुस्तीचे साहित्य मात्र याला अपवाद.

पुतण्याने तीन ढीग केले. डब्यांऐवजी मोजके लाडू कापडी पिशवीत गेले. अन्न-पाणी वगळता काटा १२ किलोंवर आला. शाल तिसऱ्या ढिगात पडली, तेव्हा तो आजीकडे पाहत घुटमळला. माझी बारालाचाची हकिकत तिने दारात उभे राहून ऐकली होती. तिने शाल उचलून खांद्यावर घेतली आणि म्हणाली, “ही राहू दे माझ्याकडे. तो कोट मात्र काढू नकोस.”